दगडी इमारतींवरील काळेपणा कशाचा?

मुंबईच्या फोर्ट परिसरातील एकोणिसाव्या शतकातील इमारतींत काळा बेसाल्ट, पिवळसर मालाड दगड आणि कोरीवकामासाठी पोरबंदरचा चुनखडक वापरलेला आढळतो. प्रत्येकाची झीज निराळी. म्हणून तपासणीत दर्शनी भागाच्या आराखड्यावर दगडागणिक नोंद करावी लागते.

काळा थरही सर्वत्र एकच नसतो. हवेतील सल्फर डायऑक्साइडमुळे चुनखडकावर जिप्सम तयार होते. छज्जे आणि कंगोरे यांच्या आडोशाला, पाऊस पोचत नाही तेथे, ते साचते व त्यात काजळी अडकते. पावसात सतत भिजणाऱ्या भागावरील काळेपणा मात्र बहुधा शेवाळाचा असतो. दोहोंना सरसकट एकच उपाय केल्यास मळाबरोबर कोरीवकामही जायचे!

हातोडीने हलकेच ठोकल्यास सुटलेला पापुद्रा पोकळ आवाज देतो. दगडाला मोजपट्टी असलेली काचेची नळी चिकटवून तो किती पाणी शोषतो, हे मोजतात. पृष्ठभागावरील पांढरी भुकटी सहसा क्षारांची असते. समुद्री वाऱ्याप्रमाणेच, डागडुजीत सांध्यांत भरलेले सिमेंटही त्याला कारणीभूत ठरते. चुन्याच्या सांध्यातून ओल बाहेर पडते; सिमेंट ती अडवते आणि मग ओल क्षारांसह दगडातूनच वाट काढते.