फिरता विक्रेता आणि अतिकालिक वेतन : एका कायदेशीर अपवादाचा इतिहास

२५ जून १९३८ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी 'फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्ट' या कायद्यावर स्वाक्षरी केली. ताशी किमान २५ सेंट मजुरी व आठवड्याला ४४ तासांची मर्यादा या कायद्याने घालून दिली. तिसऱ्या वर्षापासून ही मर्यादा ४० तासांवर आली. त्यापलीकडील प्रत्येक तासास दीडपट वेतन देणे मालकावर बंधनकारक झाले. जादा तास महाग केले म्हणजे मालक आणखी माणसे कामावर घेईल, हा मंदीच्या काळातील त्यामागचा एक हेतू होता. परंतु त्याच कायद्याच्या १३ व्या कलमाने मालकाच्या जागेबाहेर फिरून माल विकणाऱ्या नोकरास, म्हणजे 'आउटसाइड सेल्समन'ला, या संरक्षणातून वगळले. या अपवादाची कारणे आणि त्याचा पुढील विस्तार यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्याने या संज्ञेची व्याख्या केली नाही. ते काम प्रशासकीय नियमांवर सोपविले. वगळण्यामागील तर्क १९४१ साली 'ज्युएल टी कंपनी'च्या खटल्यात स्पष्ट झाला. घरोघरी जाऊन चहा-कॉफी विकणाऱ्यांचा तो वाद होता. असा विक्रेता एकटा फिरतो, त्याच्या वेळेवर देखरेख नसते आणि जितकी विक्री तितके कमिशन या न्यायाने तो स्वतःच्या हिमतीवर कमावतो, असे न्यायालयाचे म्हणणे होते. हा तर्क त्या काळी अगदीच निराधार होता असे म्हणता येत नाही. पण त्यातील एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. वेळ मोजता येत नाही ही मालकाची अडचण होती. तिची किंमत मात्र विक्रेत्याने मोजली. व्यवस्थापकाला वगळण्यासाठी नियमांनी निदान ठरावीक पगाराची अट घातली. फिरत्या विक्रेत्यासाठी तीही नाही. किमान वेतनाच्या हमीलाही तो मुकतो.

दुकानात उभे राहून विकणाऱ्याची गोष्ट वेगळी. १९६१ च्या दुरुस्तीने मोठी किरकोळ दुकाने कायद्याच्या कक्षेत आणली. मात्र तेथेही ज्याची निम्म्याहून अधिक कमाई कमिशनची आणि ज्याचा नियमित दर किमान वेतनाच्या दीडपटीहून जास्त, त्याला अतिकालिक वेतन नाही, अशी तरतूद झाली. मोटार विक्रेत्यांसाठी १९६६ साली वेगळा अपवाद आला. त्यात 'सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर'ही बसतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली पाच विरुद्ध चार मतांनी दिला.

या अपवादाची खरी कसोटी लागली ती औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींच्या बाबतीत. 'ख्रिस्टोफर विरुद्ध स्मिथक्लाइन बीचम' हा खटला २०१२ साली निकाली निघाला. वादी प्रतिनिधी आठवड्याला सुमारे ४० तास डॉक्टरांच्या भेटी घेत आणि त्याशिवाय १० ते २० तास इतर कामे करीत. अडचण अशी, की ते काहीच विकत नव्हते. औषध रुग्ण घेतो, दुकानदार विकतो. प्रतिनिधीच्या पदरी पडते ते डॉक्टरचे बंधनकारक नसलेले आश्वासन. मग त्याला विक्रेता कसे म्हणावे? श्रम विभागानेही म्हणू नये असेच मत मांडले होते. बहुमताने मात्र कायद्यातील 'विक्री'च्या व्याख्येत शेवटी येणाऱ्या, इतर कोणत्याही प्रकारे मालाची विल्हेवाट अशा आशयाच्या शब्दांवर भर दिला. औषध व्यवसायात याहून अधिक काही करणे शक्यच नसते, म्हणून आश्वासन म्हणजेच विक्री, असे त्यांनी ठरविले. न्या. ब्रेयर यांच्यासह चार न्यायाधीशांनी विरोधी मत नोंदविले. वादींची कमाई वर्षाला ७० हजार डॉलरहून अधिक होती, हेही बहुमताच्या नजरेसमोर होते. कमाई चांगली म्हणून तास मोजू नयेत, हा युक्तिवाद कायद्याचा कमी व सोयीचा अधिक वाटतो.

याच व्यवसायाचा भारतीय अनुभव या निर्णयाशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. 'मे अँड बेकर' खटल्यात १९६१ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने औषध प्रतिनिधी हा औद्योगिक विवाद कायद्यातील 'कामगार' नाही असे ठरविले. कारण त्याचे मुख्य काम विक्रीसाठी प्रचार करणे हे होते, कारकुनी काम केवळ आनुषंगिक. तेथे विकत नसूनही तो विक्रेता ठरला, येथे विक्रीसाठी झटतो म्हणून तो कामगार उरला नाही. वाटा उलट, पण दोन्हीकडे माणूस कुंपणाबाहेरच राहिला.

१९७६ साली संसदेने विक्री-संवर्धन कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि तो प्रथम औषध उद्योगास लागू झाला. त्याने नियुक्तिपत्र सक्तीचे केले, कर्तव्यकाळाच्या एक-अकरांश इतकी अर्जित रजा दिली, औद्योगिक विवाद, बोनस व उपदान यांविषयीचे कायदे लागू केले. १९९४ साली 'सँडोझ' खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने औद्योगिक विवाद कायद्याबाबतची जुनीच भूमिका कायम ठेवली, त्यामुळे या प्रतिनिधींचा आधार १९७६ चा कायदाच राहिला. पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत तो विलीन करण्यात आला. दवाखान्याच्या बाकावर रात्री डॉक्टरची वाट पाहण्यात गेलेला वेळ कामाचा धरावा की नाही, याविषयी १९७६ च्या कायद्यात मात्र एकही कलम नव्हते.