बारामतीचे पटेल, नायट्रोजन आणि उघड्या हवेतला लेसर

लेसरच्या इतिहासात बारामतीचे नाव येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ साली तिथे झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले आणि १९६१ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. कार्बन डायऑक्साइडचा लेसर त्यांनी १९६४ मध्ये जगापुढे ठेवला. पोलादी पत्रे कापण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत तो आजही वापरात आहे.

आपल्या कथेसाठी महत्त्वाचे आहे ते पटेलांचे पुढचे पाऊल. शुद्ध कार्बन डायऑक्साइडचा प्रकाश क्षीण होता, म्हणून त्यांनी नायट्रोजनची मदत घेतली. विजेच्या प्रवाहाने नायट्रोजनचा रेणू कंप पावतो. पण त्याचे दोन्ही अणू सारखेच असल्यामुळे ती ऊर्जा त्याला प्रकाशरूपाने सहज टाकता येत नाही. मग टक्कर होताच तो ती कार्बन डायऑक्साइडच्या रेणूला देतो. प्रकाश दुसऱ्याचा, नायट्रोजन केवळ हमाल! (नायट्रोजनचा स्वतःचा लेसरही १९६३ मध्ये झाला होता, परंतु तो नळीत कोंडलेल्या वायूचा.)

आता पांढरकवड्यावरची हवा घ्या. कुठल्याही हवेप्रमाणे तिच्यातही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच आहे. नळी नाही, आरसे नाहीत, अशी उघडी हवा लेसर होईल काय?

त्यासाठी अतितीव्र, अतिलघु स्पंद हवा होता. स्पंद आधी ताणायचा, मग वाढवायचा, शेवटी आवळायचा, ही युक्ती डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी १९८५ मध्ये रॉचेस्टरला शोधली. २०१८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. असा स्पंद ४० फेम्टोसेकंदांचा असू शकतो. तेवढ्या अवधीत प्रकाश १२ मायक्रॉन जातो, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. अशा स्पंदांपुढे रेणूंचे काय होते, याचा अभ्यास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीपक माथूर यांनीही दीर्घकाळ केला.

तीव्र स्पंद नायट्रोजनच्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन उपटून काढतो आणि मागे आयन उरतो. शांघायच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले, की हेच आयन ३९१ नॅनोमीटरच्या आसपास लेसरप्रकाश देतात.

पण इथेच कोडे पडले. लेसरसाठी वरच्या पातळीवर खालच्यापेक्षा अधिक आयन हवेत, आणि इलेक्ट्रॉन उडाल्यावर बहुतेक आयन तर तळाशीच पडतात! जपानमधील यामानोउची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये सुचवले, की स्पंदाचा उरलेला भागच तळच्या आयनांना मधल्या पातळीवर उचलतो. तळ रिकामा होतो आणि वरचे थोडे आयनही संख्येने भारी ठरतात. उपटणारा आणि उचलणारा स्पंद एकच, ही कल्पना मला विलक्षण सुंदर वाटते. सारे अभ्यासक मात्र तिच्यावर थांबलेले नाहीत. रेणूंच्या एकतालात फिरण्यामुळे तशी उलटापालट न होताही प्रकाश वाढू शकतो, असे काहींचे म्हणणे आहे.