शस्त्रक्रियेआधीचे आठवडे: लठ्ठपणावरील उपचारातील पूर्वतयारीचा इतिहास

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा इतिहास सहसा नव्या पद्धतींच्या क्रमाने सांगितला जातो आणि रुग्णाच्या पूर्वतयारीचा भाग त्यात उपेक्षितच राहतो. १९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटात क्रेमेन व लिनर यांनी लहान आतड्याचा मोठा भाग अन्नमार्गातून वगळण्याची पद्धत मांडली. तिने वजन उतरले, परंतु यकृताचे विकार, मूतखडे आणि पोषणाची हानी इतकी झाली की पुढे ती सोडून द्यावी लागली.

१९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या परिषदेने देहवस्तुमान निर्देशांक, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, ४० किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५ ही मर्यादा ठरवली आणि शल्यविशारदाबरोबरच आहार व मानसोपचार जाणणाऱ्यांनीही रुग्णाची तपासणी करावी, असे सुचवले. तेथील अनेक विमा कंपन्यांनी मात्र कित्येक महिन्यांच्या देखरेखीखालील पथ्याची अट घातली, जिला वैद्यकीय आधारापेक्षा खर्च टाळण्याचाच वास अधिक येतो.

अल्पकालीन पथ्याचे कारण वेगळे आहे. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया रूढ झाल्यावर जठराच्या वरच्या भागावर पसरलेला यकृताचा डावा खंड, विशेषतः मेदाने फुगलेला असल्यास, उचलून धरणे अवघड ठरू लागले. सुमारे दोन आठवडे अत्यल्प उष्मांकांचा आहार घेतल्यास यकृतातील साखरेचा साठा, त्यासोबतचे पाणी आणि काही मेद घटून तो खंड आक्रसतो व शल्यविशारदाला जागा मिळते.