पांढरी बट

गेल्या महिन्यात मावसबहिणीकडे गेलो होतो. तिचा मुलगा आता दोन वर्षांचा आहे. जन्मतःच त्याच्या कपाळावर पांढऱ्या केसांची बट. बारशाला सगळ्यांनी कौतुक केलं, "अगदी आजोबांवर गेलाय!" तिच्या सासऱ्यांना तशीच बट आहे आणि भावजींचे केसही तिशीच्या आतच पिकलेत. पण दीड वर्षाचा झाला तरी पोरगा बोलेना, कुकरच्या शिटीला वळून बघेना. "मुलगे उशिराच बोलतात" यात आणखी काही महिने गेले. शेवटी तपासणी झाली. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. डॉक्टरांनी ती बट बघितली, आजोबांबद्दल विचारलं आणि नाव सांगितलं : वार्डेनबर्ग सिंड्रोम.

निघताना ताईनं हळूच विचारलं, "माझंच काही चुकलं का रे? ग्रहण पाळलं नव्हतं मी..."

उत्तर सुचलं नाही. मग दोन वीकएंड वाचत बसलो.

केसांचा आणि कानांचा संबंध काय? हा प्रश्न जुना आहे. डार्विननं १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये निळ्या डोळ्यांची मांजरं बहिरी असतात, असं नोंदवलंय. (पुढच्या आवृत्तीत त्यानं ते पूर्ण पांढऱ्या मांजरांपुरतं ठेवलं.) कारण मात्र त्याला माहीत नव्हतं.

माणसांच्या बाबतीत हे धागे नीट जुळवले पेत्रुस वार्डेनबर्ग या डच नेत्रतज्ज्ञानं. पांढरी बट, फिकट निळे किंवा दोन रंगांचे डोळे, डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधलं जास्त अंतर आणि जन्मजात बहिरेपणा, हे सगळं एकाच घराण्यात उतरतं हे त्याच्या लक्षात आलं. पण एवढ्यावर तो थांबला नाही. हॉलंडमधल्या कर्णबधिरांच्या संस्थांमध्ये जाऊन त्यानं माणसं तपासली आणि १९५१ मध्ये निबंध छापला. त्याच्या अंदाजानं जन्मतः बहिऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे १.४ टक्के होतं, तर हॉलंडच्या एकूण लोकसंख्येत ४२,००० मध्ये एक.

पुढचा एक धागा चक्क आपल्या मुंबईतला. १९८१ मध्ये डॉ. शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ बाळांची नोंद केली. पांढरी बट होतीच, शिवाय मोठ्या आतड्याच्या बऱ्याच भागात मज्जापेशी नव्हत्या. या प्रकाराला आज वार्डेनबर्ग-शहा सिंड्रोम म्हणतात.

केस, कान आणि आतडं! आमच्या धंद्यात तीन वेगळ्या स्क्रीनवर बग दिसले, की आधी तिघींची कॉमन लायब्ररी शोधतात. इथे ती लायब्ररी म्हणजे 'न्यूरल क्रेस्ट'. गर्भाच्या पाठीच्या बाजूनं काही पेशी प्रवासाला निघतात. काही त्वचेत आणि केसांच्या मुळाशी जाऊन रंग देतात, काही आतड्याच्या नसा होतात आणि रंगपेशींपैकी काही थेट आतल्या कानात पोचतात. तिथे त्यांचं काम रंग द्यायचं नाही. कानातल्या द्रवात सुमारे ८० मिलिव्होल्टचा दाब टिकवायला त्या लागतात. त्या पोचल्याच नाहीत तर कानाची बॅटरी चार्ज होत नाही. बट पांढरी राहते त्याचं कारणही तेच, रंगपेशी तिथवर गेल्याच नाहीत.

१९९२ मध्ये पहिल्या प्रकाराचा जीन सापडला : दुसऱ्या गुणसूत्रावरचा पॅक्स-३. इतर प्रकारांचे जीन नंतर मिळत गेले. बहुतेक प्रकारांत आईवडिलांपैकी एकाकडे दोष असला तरी पुरतो, आणि प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. पण लक्षणं सगळ्यांत सारखी नसतात. आजोबांना फक्त बट आली, कान शाबूत. भावजींचे नुसते केस पिकले. नातवाला मात्र दोन्ही.

म्हणजे ग्रहणाचा काही संबंध नाही आणि चूक कुणाचीच नाही. काल फोनवर ताईला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "हे जरा सासूबाईंनाही सांगशील?" सांगितलं. पुढच्या महिन्यात पिल्लूचं कॉक्लियर इम्प्लांटचं ऑपरेशन आहे.

असो. मंडळी, तुमच्या नात्यात एखाद्या बाळाला अशी बट दिसली, तर कौतुक जरूर करा. पण त्याच आठवड्यात कानांची तपासणीही करून घ्या. ऐकण्याबोलण्याच्या बाबतीत पहिली दोन वर्षं फार मोलाची असतात, आणि आमची ती "आजोबांवर गेलाय" म्हणण्यात गेली.