हनुसंधीचे विकार : ज्ञान व उपचार यांचा इतिहास
(खानदेशच्या विशेष संदर्भात)

जबड्याच्या सांध्याच्या विकारांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास प्रथम शब्दांचा विचार करावा लागतो. मराठी बोलीत या विकारांविषयी निदान चार निरनिराळे प्रयोग आहेत. जबडा निखळतो, जबडा धरतो, दातखीळ बसते आणि तोंड उघडत नाही. बोलणाऱ्याच्या मनात हे चारही पुष्कळदा एकच असतात. वस्तुतः पहिल्यात सांधा स्थानभ्रष्ट झालेला असतो. दुसऱ्यात तो किंवा त्याभोवतीचे स्नायू आखडलेले असतात. तिसऱ्यात धनुर्वातापासून अपस्मारापर्यंत अनेक कारणे संभवतात, आणि चौथ्यात सांधा अगदी निर्दोषही असू शकतो. या चार अवस्था वेगळ्या ओळखण्यास मनुष्यास किती काळ लागला आणि त्या न ओळखल्यामुळे रोग्यांचे काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. जळगाव व धुळे या जिल्ह्यांच्या दृष्टीने यातील चौथी अवस्था सर्वांत महत्त्वाची आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

या विकारांच्या साधनसामग्रीबद्दल एक अडचण आरंभीच नमूद केली पाहिजे. जबड्याच्या दुखण्याने सहसा मृत्यू येत नाही. इंग्रजी अमदानीतील नोंदी ताप, देवी, पटकी, हगवण अशा मारक रोगांच्या सदरांखाली होत असत, आणि १८८० साली प्रसिद्ध झालेला मुंबई गॅझेटिअरचा खानदेश खंड वाचताना याच दृष्टीचा प्रत्यय येतो. जो रोग माणसास मारीत नाही, केवळ त्याची भाकर अवघड करतो, तो दप्तरात क्वचितच सापडतो. यासाठी या इतिहासाचा पूर्वभाग ग्रंथांवरून आणि उत्तरभाग रुग्णालयीन अभ्यासावरून रचणे भाग आहे.

१. संहिताग्रंथांतील हनुसंधी

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांध्यांचे आठ आकारभेद सांगितले असून, हनूच्या दोन्ही बाजूंचे सांधे ‘वायसतुंड’, म्हणजे कावळ्याच्या चोचीसारखे, असे म्हटले आहे. हात, पाय, हनू व कटी येथील सांधे चल आणि इतर स्थिर, असेही तेथे वर्गीकरण आहे. चोचीची उपमा निरीक्षणातून आलेली आहे यात शंका नाही. मात्र एवढ्यावरून आधुनिक शारीरशास्त्रास ज्ञात असलेली सांध्यातील चकती प्राचीनांना माहीत होती, असे अनुमान काढणे धाडसाचे होईल. उपमेत जेवढे आहे तेवढेच तिच्यातून घ्यावे.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील निदानस्थानात (अध्याय १५) हनुस्रंसाची कारणे दिली आहेत. जीभ फार खरवडणे, कोरडे अन्न खाणे आणि आघात ही ती कारणे. हनुमूलातील वायू कुपित होऊन तोंड उघडेच राहते किंवा मिटलेलेच राहते, आणि मग चावणे व बोलणे कष्टाने होते, असे त्याचे वर्णन आहे. उघडे राहणे आणि मिटलेले राहणे या दोन अवस्था येथे स्पष्टपणे वेगळ्या सांगितल्या आहेत, हे विशेष. आजचा वैद्यही रोग्यास तोंड मिटत नाही की उघडत नाही, हाच प्रश्न प्रथम विचारतो.

उपचाराच्या बाबतीत चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील वातव्याधीचा अध्याय (२८ वा) अधिक स्पष्ट आहे. उघड्या राहिलेल्या जबड्यास शेक द्यावा, अंगठ्यांनी हनू खाली दाबावी व तर्जनींनी हनुवटी वर उचलावी, असा तो विधी होय. सुश्रुताने भग्नचिकित्सेत हन्वस्थी जागेवर आणून शेक देण्यास व पंचांगी नावाचा बंध बांधण्यास सांगितले आहे. त्यापुढे वातघ्न व मधुर द्रव्यांनी सिद्ध केलेल्या तुपाचे नस्य येते.

हाच विधी जगात अन्यत्रही आढळतो. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या, एडविन स्मिथ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इजिप्ती पपायरसातील पंचविसावे प्रकरण निखळलेल्या जबड्याचे आहे. तेथेही अंगठे तोंडात आणि बोटे हनुवटीखाली, अशीच हातांची ठेवण आहे. हिपोक्रेटीसच्या नावावरील सांध्यांविषयीच्या ग्रंथातही निखळलेला जबडा बसविण्याची रीत आली आहे. एवढ्यावरून कोणी कोणाकडून घेतले हा वाद उपस्थित करण्याचे कारण नाही. सांध्याची रचनाच अशी आहे की निखळलेला जबडा आधी खाली व मग मागे नेल्यावाचून जागेवर बसत नाही. शरीराने जो मार्ग ठेवला तो निरनिराळ्या देशांतील हातांनी स्वतंत्रपणे शोधून काढला असणे सर्वथा शक्य आहे. आजच्या रुग्णालयातही हाच विधी चालतो. फरक एवढाच की अंगठ्यांस कापड गुंडाळलेले असते व स्नायू सैल करण्यास औषध मिळते.

हे ज्ञान आपल्या प्रदेशास परके नव्हते. यादवकाळी खानदेशचा मोठा भाग देवगिरीच्या सत्तेखाली होता, आणि त्याच दरबारातील हेमाद्रीने अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. ग्रंथाची परंपरा अशा रीतीने जवळच नांदत होती. गावोगाव प्रत्यक्ष हाड बसविणारा हात मात्र बहुधा ग्रंथ न वाचलेल्या हाडवैदाचा असे.

२. सांध्याची रचना आणि विसाव्या शतकातील मतांतरे

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडले असता हा सांधा हलताना जाणवतो. खालच्या जबड्याचे शीर्ष व कवटीची खोबण यांच्यामध्ये तंतुमय चकती असते, आणि तिच्यामुळे सांध्याचे दोन कप्पे होतात. तोंड उघडू लागताच खालच्या कप्प्यात शीर्ष फिरते, व पुढे वरच्या कप्प्यात चकतीसह ते पुढे सरकते. फिरणे व सरकणे या दोन क्रिया एकाच सांध्यात होतात, आणि डावा व उजवा हे सांधे एकाच हाडाने जोडलेले असल्यामुळे एकाचा दोष दुसऱ्यास भोगावा लागतो. निरोगी प्रौढाचे तोंड साधारणतः ४० ते ५० मिलिमीटर उघडते. चकती पुढे घसरली की उघडताना खट्ट असा आवाज येतो, आणि ती अडकून बसली की तोंड अर्धेच उघडते.

१९३४ साली अमेरिकेतील सेंट लुई येथील कान-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी ११ रोग्यांच्या आधारे असे मत मांडले की, दाढा गेल्यामुळे जबडा प्रमाणाबाहेर मिटतो, सांध्याचा दाब मागील नसांवर पडतो व त्यामुळे कान दुखणे, कानात आवाज होणे, चक्कर येणे ही लक्षणे उद्भवतात. उपाय म्हणून दातांची उंची वाढवावी, असे त्यांनी सुचविले. १९४८ साली हॅरी सिकर यांनी शारीररचनेच्या आधारे हे मत टिकत नाही असे दाखविले. तथापि दात घासून वा उंचावून सांधा सुधारण्याची प्रथा त्यानंतरही बरीच वर्षे चालू राहिली. १९५० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क येथील लास्लो श्वार्त्झ यांनी व १९६९ मध्ये डॅनियल लास्किन यांनी दुखण्याचे मूळ पुष्कळदा सांध्यात नसून चावण्याच्या स्नायूंत व मनाच्या ताणात असते, हा विचार पुढे आणला. १९७० नंतर पुन्हा चकतीकडे लक्ष वळले व शस्त्रक्रियांची लाट आली.

या लाटेतील एक अनुभव कोणत्याही विद्यार्थ्याने विसरू नये असा आहे. घसरलेली चकती काढून तिच्या जागी टेफ्लॉनमिश्रित कृत्रिम पत्रा बसविण्याची पद्धत अमेरिकेत १९८० नंतर रूढ झाली. चावण्याच्या दाबाखाली त्या पत्र्याचे कण सुटले, त्यांच्याभोवती दाहक प्रतिक्रिया झाली व कित्येक रोग्यांच्या जबड्याची हाडे झिजली. १९९० च्या सुमारास ही साधने परत घेण्यात आली. त्यानंतर मार्ग सौम्य झाला. १९९१ साली नित्झान व त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ सुयांनी वरचा कप्पा धुऊन अडकलेला सांधा मोकळा करण्याची रीत प्रसिद्ध केली. २०१४ च्या आंतरराष्ट्रीय निदाननिकषांत शारीरिक तपासणीबरोबर रोग्याच्या वेदनेचा व मनःस्थितीचाही विचार करण्यास सांगितले आहे. मऊ अन्न, शेक, व्यायाम, वेदनाशामक औषध व दात आवळण्याची सवय सोडणे एवढ्याने बहुसंख्य रोग्यांस आराम पडतो, असा आजचा अनुभव आहे. शेकास चरकाच्या विधीत जे स्थान होते ते अशा रीतीने आजही कायम आहे, जरी त्याची उपपत्ती सर्वस्वी बदललेली असली.

३. मुलांमधील सांधा जुळणे

आपल्या देशात एका अवस्थेचा निराळा विचार आवश्यक आहे. मूल हनुवटीवर पडते, हनुवटीची जखम शिवली जाते, पण कानापुढे मोडलेले शीर्ष कोणी पाहत नाही. किंवा फुटलेल्या कानातील पू सांध्यापर्यंत पोहोचतो. काही काळाने दोन्ही हाडे एकजीव होतात. तोंड उघडत नाही, जबड्याची वाढ खुंटते, हनुवटी मागे राहते व झोपेत श्वासही अडतो. येथे शेक किंवा व्यायाम पुरेसा नसून जुळलेले हाड कापून सांधा मोकळा करावा लागतो, आणि त्यानंतर महिनोन्महिने तोंड उघडण्याचा कष्टदायक व्यायाम करावा लागतो. तो टाळल्यास सांधा पुन्हा जुळतो. मुंबईत १९३३ साली दंत महाविद्यालय निघाले व १९४८ मध्ये दंतवैद्यकाचा कायदा झाला, परंतु खानदेशातील रोग्यास अशा शस्त्रक्रियेसाठी दीर्घकाळ मुंबईची वाट धरावी लागत असे. पुढे धुळे येथे वैद्यकीय व दंत महाविद्यालये आणि २०१८ साली जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाल्याने हे अंतर कमी झाले.

४. सांधा निर्दोष, तोंड बंद

आता चौथ्या अवस्थेकडे वळू. १९५२ साली श्वार्त्झ नावाच्याच दुसऱ्या एका वैद्याने पूर्व आफ्रिकेतील ५ भारतीय स्त्रियांच्या तोंडातील त्वचा आकसल्याचे वर्णन केले. १९५३ साली जोशी यांनी भारतात टाळू व घशाच्या कमानींच्या अशाच तंतुमयतेची नोंद केली. गालाच्या अस्तराखाली तंतूंचे पट्टे तयार होतात आणि सांधा शाबूत असूनही तोंड दोन बोटे, मग एक बोट, असे मिटत जाते.

कारणाचा शोध मुंबईतच प्रथम निकराने झाला. व्ही. आर. खानोलकर व सत्यवती सिरसाट यांनी उंदरांच्या टाळूस मिरचीतील कॅप्सेसिन लावून प्रयोग केले, आणि मिरची हे कारण असावे असे मत काही काळ प्रचलित झाले. १९६६ मध्ये पिंडबोर्ग व सिरसाट यांनी या रोगाचे सविस्तर विवेचन केले. ठेचा, भरीत व काळ्या मसाल्याची भाजी खाणाऱ्या खानदेशास हे मत सहज पटण्यासारखे होते. पण तसे असते तर पिढ्यान्‌पिढ्या तिखट खाणाऱ्या घरांत हा रोग सर्वत्र दिसावयास हवा होता. पुढील अभ्यासांनी दोषी सुपारी ठरविली. तिच्यातील अरेकोलीनसारख्या द्रव्यांमुळे तंतू वाढतात व त्यांचे विघटन मंदावते. मिरचीचे स्थान निराळे आहे. नेहमीचे तिखट एकाएकी झोंबू लागणे हे या रोगाचे पहिले लक्षण होय, म्हणजे जी आरोपी समजली गेली ती खरे पाहता साक्षीदार होती.

पानातील सुपारी जुनी आहे, परंतु सुकी, पुडीबंद व तंबाखूमिश्रित सुपारी गुटख्याच्या रूपाने विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत खेडोपाडी पोहोचली आणि हा रोग तरुणांत उतरला. महाराष्ट्र शासनाने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही, व २०१२ साली अन्नसुरक्षा कायद्याखाली ती पुन्हा लागू झाली. या रोगातून पुढे तोंडाचा कर्करोग उद्भवू शकतो. त्यामुळे अशा रोग्यास ‘जबडा धरला आहे’ म्हणून शेक देत बसणे किंवा सांध्याचा उपचार करणे यात केवळ वेळ जात नाही, जिवाचा धोका वाढतो.

समारोप

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, हनुसंधीच्या चिकित्सेत हाताचे ज्ञान टिकाऊ आणि उपपत्ती अस्थिर ठरली आहे. वायू, दातांची उंची, मन, चकती अशी कारणे बदलत गेली, पण निखळलेला जबडा बसविण्याची रीत बदलली नाही. उपपत्तीच्या भरवशावर जेथे न परतवता येणारा उपचार झाला, तेथे रोग्याची हानी झाली. दुसरा निष्कर्ष असा की, लक्षण एक असले म्हणजे रोग एक नसतो. तोंड न उघडणाऱ्या रोग्याच्या कानापुढे बोट ठेवण्याबरोबरच त्याच्या गालाच्या आतून बोट फिरविणे व खिशातील पुडीची चौकशी करणे हे खानदेशातील वैद्याचे पहिले कर्तव्य ठरते. इतिहासाच्या अभ्यासकानेही दप्तरात ‘दातखीळ’ हा शब्द आढळताच त्याचा एकच अर्थ न लावता, वरील चारांपैकी कोणती अवस्था तेथे अभिप्रेत आहे, हे संदर्भावरून ठरवावे. या भेदावाचून केलेली रोगांची गणना दिसावयास व्यवस्थित असेल, परंतु तिच्यावरून काही सिद्ध करता येणार नाही.