विटांच्या भट्टीपासून विमानापर्यंत: युद्धकाळातलं टस्कीगी

टस्कीगी हे नाव तुम्ही आधी ऐकलं असेल, तर बहुतेक वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे. शेंगदाणे, रताळी, प्रयोगशाळा. पण कार्व्हर १९४३च्या जानेवारीत गेले, तेव्हा त्याच गावाच्या आभाळात विमानं शिकाऊ गिरक्या घेत होती. आजची गोष्ट त्या विमानांची.

अलाबामातली ही कृष्णवर्णीयांची संस्था बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१मध्ये सुरू केली. इथले विद्यार्थी स्वतः विटा भाजून इमारती बांधायचे. पहिल्या तीन भट्ट्या फसल्या, चौथी जमली. हातात कसब आलं की मान आपोआप मिळेल, हा वॉशिंग्टन यांचा विश्वास. डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना तो पटत नव्हता. हक्क मागितल्याशिवाय मिळत नाहीत, असं ते म्हणायचे.

या वादाची खरी परीक्षा युद्धात झाली.

१९२५मध्ये लष्कराच्या वॉर कॉलेजच्या अहवालानं काळे सैनिक बुद्धीनं आणि धैर्यानं कमी असतात, असं लिहून ठेवलं होतं. पण १९३९मध्ये युद्धाची चाहूल लागली आणि सरकारनं कॉलेजांमधून वैमानिक घडवायची योजना काढली. टस्कीगी त्यात शिरलं. मुख्य प्रशिक्षक होते आल्फ्रेड अँडरसन. कुणी शिकवेना, म्हणून या पठ्ठ्यानं उसने पैसे घेऊन आधी विमानच विकत घेतलं होतं! मार्च १९४१मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट त्यांच्या विमानात बसून फेरी मारून आल्या. पुढे रोझेनवाल्ड फंडानं १,७५,००० डॉलरचं कर्ज दिलं आणि संस्थेचं स्वतःचं मोटन फील्ड उभं राहिलं. लष्कराच्या कंत्राटावर उड्डाणाचे पहिले धडे तिथे दिले जायचे, पुढचं प्रशिक्षण जवळच्या लष्करी तळावर.

पहिल्या तुकडीत १३ जण होते. ७ मार्च १९४२ला त्यातल्या फक्त ५ जणांना वैमानिकाचा बिल्ला मिळाला. १९४६पर्यंत हा आकडा ९९२वर गेला. आणि वैमानिक हा नुसता फ्रंटएंड, बरं का! मागे मेकॅनिक, शस्त्रं सांभाळणारे, पॅराशूट घडी करणारे असे हजारो लोक राबत होते. पॅराशूटची एक घडी चुकली की माणूस गेला.

मग कसबानं मान मिळाला का? थोडासा. टस्कीगीचे वैमानिक उत्तर आफ्रिका आणि इटलीच्या आभाळात लढले. पण त्यांची पथकं वेगळी, बराकी वेगळ्या. एप्रिल १९४५मध्ये इंडियानातल्या फ्रीमन फील्डवर हा भेदभाव मान्य असल्याची सही करायला १०१ कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांनी नकार दिला. त्यांना अटक झाली. १९४८मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यातला भेदभाव संपवायचा आदेश काढला, तरी प्रवासी विमान कंपन्यांची दारं बंदच. हवाई दलातल्या मार्लन ग्रीन या वैमानिकाला नोकरीसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत लढावं लागलं. निकाल लागला १९६३मध्ये.

आम्हा इंजिनियर लोकांना ‘स्किल शिक, बाकी आपोआप होईल’ हे वाक्य फार आवडतं. मला टस्कीगीची गोष्ट त्यासाठीच सांगायची होती. विमान उडवता येतं हे १९४२मध्येच सिद्ध झालं होतं. पुढची २१ वर्षं कमी पडत होतं ते कसब नव्हे. म्हणजे वॉशिंग्टन यांच्या भट्टीशिवाय सुरुवात झाली नसती आणि डु बॉईस यांच्या आग्रहाशिवाय शेवट गाठता आला नसता.

तुम्हाला काय वाटतं? कमेंटमध्ये भांडूया. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!