दिनविशेष : ५ नोव्हेंबर – तीन मिनिटांतले फैयाजखाँ

आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाजखाँ यांचे ५ नोव्हेंबर १९५० रोजी बडोद्यात निधन झाले. सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरबार गायक नेमले आणि आग्र्याचे खाँसाहेब कायमचे बडोदेकर झाले. पण दरबाराबाहेर त्यांचा आवाज घरोघरी नेला तो ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांनी, आणि त्यांत भैरवीतले ‘बाजूबंद’ विशेष लोकांच्या तोंडी बसले. या लोकप्रियतेकडे काही जाणकार नाक मुरडून पाहतात. नोम्-तोमच्या विस्तीर्ण आलापीचा धनी तीन-साडेतीन मिनिटांत कोंबला, तर उरते काय? आक्षेप पोकळ नाही. विलंबितातला संथ विस्तार तबकडीवर मावत नव्हता, तो गेलाच. तरी त्यांची जयजयवंतीची तबकडी लावून पाहावी. भारदस्त, खर्जाकडे झुकलेला आवाज, तबल्याशी झोंबणाऱ्या बोलताना, समेवर येण्याची हुकमी ऐट, सारे शाबूत आहे. वेळेच्या टंचाईने पुनरावृत्ती गाळली आणि लयकारी ठसठशीत केली, इतकेच. ‘प्रेमपिया’ या नावाने बंदिशी रचणाऱ्या या गायकाला आटोपशीर रचनेचे वावडे असणार तरी कसे?

राहिला ठुमरी-दादरा हलका असल्याचा मुद्दा. ‘बाजूबंद’मध्ये शब्द वळवण्याची, तोडण्याची जी करामत ऐकू येते, ती त्यांच्या ख्यालातलीच, तिथे ती लयीला भिडते, इथे भावाला. श्रीकृष्ण रातंजनकरांसारख्या शिष्याला खाँसाहेबांसमोर बसून तालीम घेता आली. बडोद्यापासून दूर असलेल्या कित्येक श्रोत्यांची आग्रा गायकीशी पहिली ओळख मात्र अशा तबकड्यांनीच करून दिली.